कार्डावरची जाऊ

बाभूळखेड्यात सरपंचाच्या नावाने आलेलं पत्र सरपंचाच्या हाती जात नसे. ते आधी सरपंचाच्या नवऱ्याकडे जाई, तिथून ग्रामसेवकाकडे, तिथून माजी सरपंचाकडे. तिघांनी वाचून, चघळून, निम्मं विसरून झालं की चुलीपुढे बसलेल्या सरपंचबाईंना कुणीतरी सांगे, "आलं हुतं काईतरी पंचायतीचं." दगडाबाई म्हणत, "बरं." जागा बायकांसाठी राखीव झाली तेव्हापासून हा कारभार असाच चालला होता आणि त्याला कुणाची हरकत नव्हती. निदान कुणी बोलून दाखवलेली नव्हती.

सहादेव पालवे ऊसतोडीचा मुकादम. माणसं जमवायची, ट्रकमध्ये भरायची, कारखान्यावर पोचवायची, सहा महिने सांभाळायची आणि परत आणून सोडायची, यात त्याची हयात गेली. त्यामुळे बायकोला सरपंच करणं त्याला अवघड गेलं नाही. तीही एक टोळीच, फक्त एका माणसाची. पंचायतीचा शिक्का त्याच्या सदऱ्याच्या खिशात असे. तोडीला जाताना तो शिक्काही ऊस तोडायला जाई.

सत्त्याण्णवच्या श्रावणात एक लांबट पाकीट आलं. स्वातंत्र्याला पन्नास वर्षं झाली म्हणून दिल्लीतल्या एका संस्थेने बायका सरपंचांचा मेळावा भरवला होता. मागे नगरला, सावेडीत, सरपंच बायकांचं एक प्रशिक्षण झालं होतं. तिथे दगडाबाई चार वाक्यं बोलल्या होत्या. ती कुणाला तरी आवडली असावीत. ती चार वाक्यं कोणती, हे सहादेवला ठाऊक नव्हतं. तो त्या वेळी बाहेरच्या टपरीवर चहा पीत होता.

ग्रामसेवक काकासाहेबांनी ओट्यावर बसून पत्र वाचून दाखवलं. पत्राखाली तिकीट होतं. पातळ कागदाचं, मागे लाल कार्बन लागलेलं. सहादेवने ते बोटाने पुसून पाहिलं आणि बोट धोतराला पुसलं.

"इमानाचं?"

"विमानाचं. पुणे ते दिल्ली. आणि परत."

"मग मला कदी निघायचं?"

"तुम्हाला नाही, मुकादम. नाव दगडाबाईंचं आहे."

"आरं, नाव तर पंचायतीच्या पाटीवर बी तिचंच हाय. म्हनून काय खुर्चीत ती बसती?"

काकासाहेब हसले. ग्रामसेवकाला सगळीकडे थोडंथोडं हसावं लागतं. मग पत्राच्या तळाची ओळ त्यांनी बोट ठेवून वाचली. प्रवाशाने विमानतळावर फोटो असलेलं सरकारी ओळखपत्र दाखवायचं होतं.

"ही यष्टी नाही. 'मंडळी आजारी हाय, मी आलोय' म्हणून कंडक्टरला सांगता येत नाही. दारातच फोटो बघतात आणि तोंड बघतात."

सहादेवला हे पटलं नाही. बाभूळखेड्याची रीत वेगळी. लग्न असो, मयत असो, ग्रामसभा असो की रेशनची रांग, घरातलं एक माणूस हजर राहिलं की घर हजर. कुणाचं तोंड आलं हे कुणी बघत नाही, घर आलं का ते बघतात. आहेर घराच्या नावाने जातो, रुसवा घराच्या नावाने धरला जातो. माणूस म्हणून माणसाला बोलावण्याची ही दिल्लीची तऱ्हा त्याला जरा उर्मटच वाटली.

चहा घेऊन दगडाबाई बाहेर आल्या. पदर कपाळावर होता, कान मात्र केव्हाचे ओट्यावर होते.

"कोनतं कार्ड म्हनता, भाऊसाहेब?"

"मतदानाचं, बाई. निवडणूकवाल्यांनी फोटो काढून दिलंय ते. आहे ना?"

"हाय की. टरंकंत हाय."

कपबश्या तिथेच ठेवून त्या आत गेल्या. सहादेव पुढे म्हणायचा, की त्या दिवशी बायको इतकी चटकन उठली तेव्हाच आपल्याला समजायला हवं होतं.

ट्रंकेत लग्नातल्या शालूखाली घरातली सगळी कार्डं रबर लावून ठेवलेली होती. ती आली तेव्हाच ठेवली गेली आणि त्यानंतर मतदानाला माणसं गेली, कार्डं गेली नाहीत. केंद्रावर बसणाऱ्या गावातल्या पोरांना माणसं तोंडाने ठाऊक, कार्ड कोण मागणार? दगडाबाई चौथी शिकलेल्या. आपलं नाव त्यांनी अक्षर लावून वाचलं. दगडाबाई सहादेव पालवे. मग फोटो पाहिला.

फोटोत छबूबाई होती.

छबूबाई म्हणजे धाकटी जाऊ, सहादेवच्या भावाची, मच्छिंद्रची बायको. पदर आवळून कानांमागे घातलेला, आणि कॅमेऱ्याने काहीतरी मागितलं नि तिने ते द्यायचं नाकारलं, असे वटारलेले डोळे.

"छबे!"

छबूबाई दाराआडून आली. ओट्यावर थोरले दीर बसलेले, त्यामुळे ती उंबऱ्याच्या आतच थांबली.

"हे कोन?"

"मी." छबूबाईला यात विशेष काही वाटलं नाही. "दोन्दा बसले हुते, आक्का. एकदा माझ्या नावाची, एकदा तुमच्या. दुसऱ्यांदा जरा बरी आले."

सहादेव मोठ्याने हसला. ग्रामसेवकाच्या मांडीवर थाप मारून हसला. मग हसता हसता त्याला काहीतरी आठवलं, तो उठून ट्रंकेशी गेला आणि त्याने स्वतःचं कार्ड काढलं. त्यावर मच्छिंद्र होता. डोक्यावर सहादेवचीच टोपी घालून. सहादेवने कार्ड शालूखाली सारलं, ट्रंक लावली आणि पुन्हा त्या विषयावर हसला नाही.

झालं होतं ते असं. दोन हिवाळ्यांपूर्वी फोटो काढणारं पथक गावात आलं. तेव्हा सरपंच होते आबासाहेब. पथक आलं ते ऐन तोडीच्या दिवसांत, म्हणजे गावात म्हातारी, आजारी आणि शेळ्या राखणारी एवढीच माणसं असताना. यादीत नावं भरपूर आणि शाळेच्या पटांगणात माणसं तुरळक. आबासाहेबांना हे दिसायला बरं दिसेना. शेजारच्या गावाचं काम चांगलं झालं म्हणून कानावर आलेलं. मग त्यांनी रीतीप्रमाणे केलं. ज्या घरातलं माणूस नाही, त्याच्या जागी घरातलं दुसरं माणूस. सासऱ्याच्या जागी जावई बसला. एका तरण्या पोराच्या नावावर त्याचा आजा बसला आणि पथकातल्या माणसाने विचारलं तेव्हा "तोडीनं मानूस लवकर पिकतं" असं सांगून मोकळा झाला. सदरे बदलले, टोप्या फिरल्या, सूर्य मावळेतो बाभूळखेडं शंभर टक्के हजर झालं. त्याबद्दल मिळालेलं प्रशस्तिपत्रक अजून पंचायतीच्या भिंतीवर काचेत आहे.

आता काकासाहेबांना घाम फुटला. ते म्हणाले, तिसगावात जाऊन त्या संस्थेला फोन लावून बघतो. खरं तर त्यांना ओट्यावरून उठायचं होतं. पण दगडाबाईंनी त्यांना दारापर्यंत गाठलं.

"इचारा, की कार्ड नसलं तर दुसरं काय चालंल. आन् काय म्हनत्यात ते मला येऊन सांगा. मला."

ते शेवटचं 'मला' काकासाहेबांनी नीट ऐकलं. संध्याकाळी फोन करून आल्यावर त्यांनी आधी ओट्यावर न बसता परसदारी जाऊन सांगितलं, "तहसील कचेरीच्या साहेबाचं पत्र चालेल. फोटो चिकटवलेलं, सही-शिक्क्याचं. पण साहेब कार्ड बघितल्याशिवाय द्यायचे नाहीत, बाई. आणि कार्ड बघितलं तर..."

"तर काय?"

"तर गावातली सगळीच बघतील."

ही गोष्ट आबासाहेबांपर्यंत जायला वेळ लागला नाही. दिवे लागायच्या आत ते पंचायतीच्या खोलीत त्या काचेच्या चौकटीखाली येऊन बसले. सहादेव होता, काकासाहेब होते. सरपंचबाईंना बोलावणं होतं, म्हणून त्या आल्या आणि सवयीने दाराशी खाली बसल्या. खुर्ची रिकामीच राहिली. तिच्यावर आबासाहेबांनी आपली छत्री ठेवली.

"सरपंचबाई, गावाच्या अब्रूचा सवाल हाय," आबासाहेब म्हणाले. "कचेरीत जाऊन हे आमचं तोंड न्हाई म्हनलं, तर ते काय एवढ्यावर थांबत्यात? निम्मं गाव खोटं निघंल. पुढल्या मतदानाला नावंच उडवत्याल."

"मग?"

"मग काय, सोपं हाय. कार्डावर नाव तुमचं, तोंड छबूबाईचं. तिकिटावर नाव तुमचं. दारातला मानूस काय बघनार? कार्ड आन् तोंड. जुळतंय की! छबूबाई जाईल, बसंल, जेवंल, येईल."

"आन् बोलायचं?"

"बोलायचं काय हाय त्यात? तिथं लई बाया येनार. एक न बोलली तर कुनाचं अडतंय."

सहादेवने मान हलवली. त्यालाही हे एकदम रास्त वाटलं. तिकीट वाया जात नव्हतं, घरातलं माणूस जात होतं आणि छबूबाई परक्या माणसापुढे तोंड उघडत नाही, हे सगळ्या गावाला माहीत होतं. या तिन्ही गोष्टी दोघांनी मनात एकाखाली एक मांडून पाहिल्या आणि खाली रेघ ओढली.

 दगडाबाई उठून घरी आल्या. घासलेली भांडी त्यांनी पुन्हा घासली. म्हशीला पाणी दाखवलं. म्हैस म्हणाली नको, तर तिच्यावरच ओरडल्या. मग कुडाच्या भिंतीपर्यंत गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या. त्यांना विमानाचं कौतुक नव्हतं. विमान पडो नाहीतर उडो. सावेडीतल्या त्या खोलीत त्या चार वाक्यं बोलल्या, तेव्हा समोरच्या कुणी मध्येच "आन् मालक काय म्हनत्यात?" असं विचारलं नव्हतं. त्यांना पाचवं वाक्य बोलायचं होतं. पोलिओचे डोस येतात तेव्हा पोरं उसाच्या फडात असतात. शाळेची परीक्षा येते तेव्हा पोरं फडात. फोटोवाले आले तेव्हा माणसं फडात. सरकार दरवेळी येतं आणि दरवेळी मोकळ्या गावाला भेटून जातं. हे दिल्लीत सांगायचं होतं, आणि ते सांगायला जाणार होती छबूबाई, जी अजून थोरल्या दिरासमोर दाराच्या आडून बोलते. नाव दगडाबाईंचं, तोंड छबूबाईचं आणि त्या तोंडातून शब्द कुणाचाच नाही.

छबूबाईची तयारी सुरू झाली. आधी ती घाबरली, मग खूश झाली, मग दोन्ही. सहादेवने भावाकरवी सांगितलं, की आता कुणी 'छबे' म्हणून हाक मारली तर ओ द्यायची नाही, 'दगडाबाई' म्हटलं तरच द्यायची. दिवसभर पोरांना खेळ झाला. पोरं "ए छबाकाकू" म्हणत, ती "काय रं" म्हणे, पोरं टाळ्या पिटत. मच्छिंद्रने जेवताना पाणी मागितलं, तेही नाव घेऊन मागितलं, "दगडाबाई, पानी आन." आणि थोरल्या भावजयीचं नाव तोंडातून गेलं म्हणून स्वतःच जीभ चावली.

दगडाबाई हे सगळं बघत होत्या. जावेवर राग काढावा तर तिचा दोष नव्हता. बस म्हटलं तेव्हा ती बसली होती, आता जा म्हटल्यावर निघाली होती. पण तिची मान जरा वर झाली होती, हेही दगडाबाईंच्या नजरेतून सुटलं नाही. दळणाचा डबा उतरवताना आज छबूबाईने "आक्का, जरा धरा" म्हणून त्यांनाच हात लावायला सांगितला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघी तांदूळ निवडायला बसल्या.

"जातीस मग?" दगडाबाईंनी विचारलं.

"सगळी म्हनत्यात तर..."

"जा की. मी काय म्हनत न्हाई. फकस्त एक सांगते. इमान जर पडलं..."

"आक्का! वंगाळ कशाला बोलता?"

"बोलत न्हाई, हिशेब करते. इमान पडलं तर पेपरात नाव कुनाचं येनार?"

छबूबाईचा हात सुपात थांबला. "तुमचं."

"म्हंजी मेलं कोन?"

"तुमी."

"आन् तू?"

छबूबाई विचारात पडली. "मी... कागदावर जित्ती."

"जित्ती. म्हंजी मच्छिंद्रला दुसरी करता यायची न्हाई. बायको जित्ती हाय ना त्याची! ह्यांना मातर येती करता. बायको मेली ह्यांची. मी इथं भाकरी थापत बसंन आन् हे मुंडावळ्या बांधून जातील, आन् मला बोलता बी यायचं न्हाई, का तर मी मेलेली. आन् तुझं तेरावं तरी कुनी घालावं? मच्छिंद्र म्हनंल, माझी बायको तर यादीत हाय. हे म्हनतील, बाईच्या नावचं मी केलंय. तुला पिंड कुनाच्या नावचा मिळंल?"

तांदळात एक खडा होता, तो छबूबाईने उचलला, पाहिला आणि परत तांदळातच टाकला.

"कावळा शिवंल का वो तशा पिंडाला?"

"त्यो बी कार्ड मागंल," दगडाबाई म्हणाल्या.

छबूबाई बराच वेळ सूप हलवत राहिली. मग एकदम म्हणाली, "मी न्हाई जायची. आमच्यांचं काय, ते बसतील रडत. पन थोरल्यांनी तुमच्या नावानं दुसरी आनली तर ती माझी बी जाऊ हुईल. एक हाय तीच पुरं हाय मला."

सकाळच्या गाडीने दोघी निघाल्या. घरी सांगितलं, श्रावण आहे, बांगड्या भरायला तिसगावला जातो. तिसगावात आधी त्या खरंच कासाराकडे गेल्या. छबूबाईचा आग्रह होता, की खोटं बोललो तर ते खरं करूनच पुढे जावं. मग फोटोच्या दुकानात गेल्या. फोटोवाला म्हणाला, "मावशी, पदर मागं घ्या, तोंड दिसू द्या." दगडाबाईंनी बोटभर मागे घेतला. "अजून." अजून बोटभर. शेवटी छबूबाईने पुढे होऊन पदर कानांमागे सारला, हनुवटी वर केली आणि दोनदा बसलेल्या बाईच्या अधिकाराने सांगितलं, "डोळं झाकू नका, आक्का. उजेड येतो त्याला भ्यायचं न्हाई."

फोटो हातात येईपर्यंत दोघी दुकानाच्या पायरीवर बसून राहिल्या. गावाकडून येणारी प्रत्येक जीप बघून पदर ओढून घेत होत्या.

तिथून पुढची गाडी धरून त्या तालुक्याला गेल्या. तहसील कचेरीत रांग होती. खिडकीतल्या कारकुनाने मान वर न करता विचारलं, "काय पाहिजे?"

"दाखला. मी मीच हाय म्हनून."

"रहिवासी दाखला सरपंच देतो. गावात जा."

"सरपंच मीच हाय."

आता त्याने मान वर केली. "मग द्या की स्वतःच स्वतःला."

"दिला असता. पन शिक्का मालकाच्या खिशात हाय."

आतल्या टेबलावरचे साहेब हसले आणि त्यांनी दोघींना आत बोलावलं. पत्र पाहिलं, तिकीट पाहिलं, नवे फोटो पाहिले. "दिल्लीला निघालात? वा! मतदार कार्ड आणलंय?"

दगडाबाईंनी ते टेबलावर ठेवलं. साहेबांनी कार्ड पाहिलं, दगडाबाईंकडे पाहिलं, पुन्हा कार्ड पाहिलं. मग त्यांची नजर सहज बाजूला उभ्या असलेल्या छबूबाईवर गेली आणि तिथेच राहिली.

"हे कार्ड तर ह्यांचं आहे."

"नाव माझं, साहेब. तोंड तिचं."

छबूबाईला गाडीत सांगून ठेवलं होतं, की विचारल्याशिवाय बोलू नको. पण आता आपलं तोंड मध्ये आलं, म्हणजे विचारलंच, असं तिने धरलं. पदर मागे सारून ती ताठ उभी राहिली आणि डोळे वटारले. अगदी फोटोतल्यासारखे.

"मी छबूबाई मच्छिंद्र पालवे. ही माझी थोरली जाऊ. त्या थंडीत ही तोडीला गेल्ती, म्हनून हिच्या जागी मी बसले. हे बगा, माझं आनखी एक हाय." आणि तिने पोलक्यातून स्वतःचं कार्ड काढून शेजारी ठेवलं.

दोन कार्डं, एक बाई. तिच्या आयुष्यात परक्या पुरुषापुढे एवढं लांब बोलणं हे पहिलंच. बोलून झाल्यावरही ती जागची हलली नाही. कार्डावरचं तोंडच समोर येऊन सांगत होतं, की हे कार्ड खोटं आहे. याच्यापुढे साहेबांना दुसरा पुरावा काय मागता येणार?

"बसायला कोणी सांगितलं?" साहेबांनी विचारलं.

छबूबाईचे ओठ 'आ' म्हणायला उघडले. दगडाबाईंनी तिच्या पायावर पाय ठेवला.

"गाव मोकळं हुतं, साहेब. मोकळ्या गावात कॅम्प आला. मग गावानं आपली लाज झाकली."

"म्हणजे असे अजून किती आहेत?"

हा प्रश्न तोंडून गेला आणि साहेबांना तो परत घ्यावासा वाटला. उत्तर आलं तर ते लिहावं लागणार होतं, लिहिलं तर वर पाठवावं लागणार होतं, आणि वर पाठवलेलं सगळं खाली येतंच. खिडकीतला कारकूनही कान देऊन बसला होता.

"मोजू नका, साहेब," दगडाबाई म्हणाल्या. "कॅम्प लावा. आता लावा. सगळी घरी हायत. दसऱ्यानंतर लावला, तर पुन्ना माझी जाऊच बसंल."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं, घातलं, पुन्हा काढलं. चौकशीत कागद वाढतात, कॅम्पात नुसते फोटो. हा फरक त्यांना वीस वर्षांच्या नोकरीत कळला होता. "लेखी अर्ज द्या कॅम्पाचा. सरपंच म्हणून. शिक्क्याशिवाय चालेल, सही करा."

दगडाबाईंनी सही केली. हळूहळू, पण पूर्ण. मग फोटो चिकटवून पत्र तयार झालं. अर्धा शिक्का फोटोवर, अर्धा कागदावर. खोटं कार्ड साहेबांनी आपल्या खणात टाकलं.

"त्यातला माझा फोटो तेवढा कापून द्या की," छबूबाई म्हणाली. "त्यात बरी आलेय."

"ते सरकारी आहे, बाई."

"तोंड बी?"

साहेबांनी खण लावला.

संध्याकाळी गावात उतरल्या तर ओट्यावर आबासाहेब बसलेले. तिसगावच्या कुणीतरी पाहिलं होतं आणि सांगितलं होतं. सहादेव खांबाला टेकून उभा होता. त्याने आधी दोघींच्या हातातल्या बांगड्या पाहिल्या, नव्या होत्या. म्हणजे कुठून बोलायला सुरुवात करावी तेच त्याला समजेना.

"माझं नाव घेतलं का तिथं?" आबासाहेबांनी विचारलं.

"कुनी इचारलंच न्हाई तुमचं नाव."

आबासाहेबांना बरं वाटलं. मग लगेच जरा वाईटही वाटलं.

"मग काय बोललात?"

"कॅम्प मागितला. नवीन. गाव घरी हाय तवर."

"आन् ते भितीवरचं प्रशस्तिपत्रक?"

"ऱ्हाऊ द्या की. भित मोकळी बरी दिसत न्हाई."

 सहादेवने खिशातून शिक्का काढला, हातात फिरवला, आणि पुन्हा खिशात ठेवला. "शिक्क्याबिगर अर्ज घेतला त्यांनी?" एवढंच त्याने विचारलं.  उत्तर दगडाबाईंच्या हातातल्या पत्राकडे बघून समजत होतं.

जायच्या दिवशी आबासाहेबांनी आपली जीप काढली. गावच्या सरपंचाला पोचवायला माजी सरपंच नको का, असं ते म्हणाले. खरं म्हणजे दगडाबाईंना शेवटपर्यंत डोळ्यांआड होऊ द्यायचं त्यांच्या मनात नव्हतं. छबूबाईने दशम्या बांधून दिल्या आणि जीपच्या खिडकीशी येऊन हळूच सांगितलं, "आक्का, वर परसाकडं कुठं जात्यात, तेवढं बगून या. मला रातभर झोप आली न्हाई."

पुण्याच्या विमानतळावर दाराशी बंदूकवाला जवान उभा होता. तिकीट आणि पत्र त्याने हातात घेतलं. शिक्का तिरका करून पाहिला, फोटो पाहिला. समोर कपाळभर पदर.

"माताजी, चेहरा."

दगडाबाईंच्या मागे सहादेव होता आणि त्याच्या मागे आबासाहेब. आबासाहेबांपुढे त्यांनी लग्न झाल्यापासून भांग दाखवलेला नव्हता. त्यांनी पदर मागे घेतला, पार खांद्यावर. आबासाहेबच गडबडून भिंतीकडे वळले. जवान फोटो बघत होता, चेहरा बघत होता, पुन्हा फोटो. दगडाबाईंनी डोळे झाकले नाहीत. तेवढा वेळ त्यांच्या तोंडाकडे कुणी लग्नातही पाहिलं नसेल.

"जाइए."

सहादेवही पुढे सरकला. जवानाने हात आडवा केला. "आप का टिकट?"

"मैं इनका मालक."

"टिकट?"

सहादेवने आजूबाजूला पाहिलं. दशम्यांचं फडकं त्याच्याच हातात राहिलं होतं. ते त्याने जवानाच्या हाताखालून पुढे केलं. दगडाबाईंनी वळून घेतलं. "म्हशीला चारा टाकायचा इसरू नका," असं सांगून त्या आत गेल्या आणि काचेपलीकडच्या माणसांत दिसेनाशा झाल्या.

दोघे कुंपणाशी जाऊन उभे राहिले. बऱ्याच वेळाने एक विमान उठलं. हेच असेल असं दोघांनी ठरवलं, ते ढगात जाईपर्यंत माना वर करून पाहिलं आणि जीपमध्ये येऊन बसले.

शिरूर मागे पडलं. आबासाहेब अस्वस्थ होते. खिडकीची काच खाली करत, वर करत. केडगावला चहासाठी थांबले, तेव्हा बशीत ओतलेला चहा निवत राहिला आणि ते म्हणाले,

"सहादेवा, ती तिथं बोलनार काय?"

सहादेवने बशी खाली ठेवली. कार्ड, तिकीट, शिक्का, तोंड, सगळ्याची चर्चा घरात झाली होती. ही एक गोष्ट सोडून.

"इचारलं न्हाई, आबा."

"आरं, गावाचं नाव घेऊन बोलनार ती. समद्या देशापुढं."

"व्हय."

"आन् तुला ठावं न्हाई?"

"न्हाई."

आबासाहेबांनी रस्त्यापलीकडच्या पिवळ्या फोनच्या बूथकडे पाहिलं, मग वर पाहिलं. वर काही नव्हतं.

"इमानात फोन लागतो का रं?"